शाळेतल्या प्लेटवर उगवलेल्या जिवाणूचं नाव कसं सांगायचं?

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कागल तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत तुम्ही विज्ञान शिकवता. गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी जिलेटिनवर जिवाणू वाढवले, पण दुपारपर्यंत निम्म्या प्लेटांचं पाणी झालं आणि उरलेल्यांवर बुरशी चढली. यंदा मुलांना पंचगंगेचं पाणी, मोबाइल आणि स्वतःची जीभ, या तिन्हींवरचे जिवाणू वाढवून बघायचे आहेत. तुम्ही विचारता : पोषण आहाराच्या खोलीतला कुकर निर्जंतुकीकरणाला चालेल का? कॉलनीच्या, म्हणजे प्लेटवर उगवणाऱ्या जिवाणूंच्या ठिपक्याच्या, रंगावरून जिवाणू ओळखता येईल का? आणि मुलांना यात धोका किती?

मी बरीच वर्षं कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते, त्याआधी दूध तपासणीच्या एका प्रयोगशाळेत होते. रंगावरून नाव सांगता येईल का, हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. त्याचं सरळ उत्तर ‘नाही’ असं आहे. पण एवढ्यावर थांबले तर तुमची खरी अडचण तशीच राहील. प्लेटवर जे उगवलं ते तुम्ही ठेवलेल्या नमुन्यातून आलं, की हवेतून, की मुलाच्या बाहीवरून, हे आज तुम्हाला सांगता येत नाही. ते सांगता येत नाही तोवर नावाला काही अर्थ नाही. दुसरं म्हणजे, बाहेरचं आत जाऊ नये म्हणून हाताला जी सवय लावायची, तीच सवय आतलं बाहेर येऊ देत नाही. शुद्धता आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. म्हणून तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मी एकत्रच देते.

आधी जिलेटिनचं सांगते, कारण त्यात तुमची चूक नव्हती. जिलेटिन तिशीच्या आसपासच्या तापमानाला वितळायला लागतं, आणि आपल्याकडे जानेवारीतल्या दुपारीसुद्धा पारा तिथवर जातो. शिवाय बरेच जिवाणू जिलेटिन पचवून त्याचं पाणी करतात. जिवाणूशास्त्राचा पाया घालणारे रॉबर्ट कॉख यांच्या जर्मनीतल्या प्रयोगशाळेतही हीच तक्रार होती. तिथे काम करणाऱ्या वॉल्थर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे घरी जेली करताना अगार वापरायच्या. १८८१ मध्ये त्यांनीच सुचवलं की हे वापरून बघा. अगार म्हणजे आपल्या किराणा दुकानात मिळणारा चायना ग्रास. तो ८५ अंशांच्या आसपास वितळतो आणि चाळिशीच्या खाली आला की घट्ट होतो, म्हणजे एकदा घट्ट झालेली प्लेट कोल्हापूरच्या मे महिन्यातही पातळ होत नाही. फारच थोडे जिवाणू त्याला पचवू शकतात. पुढे १८८७ मध्ये त्याच प्रयोगशाळेतल्या पेट्री यांनी झाकणाची उथळ बशी आणली, आणि आज आपण वापरतो ती प्लेट तयार झाली.

तुम्ही तयार न्यूट्रिएंट अगारची, म्हणजे जिवाणूंचं खाद्य मिसळलेल्या अगारची, पावडर घ्या. ती साधारण लिटरला २८ ग्रॅम लागते. २५० मिलिलिटरला ७ ग्रॅम घेतली की बारा प्लेटा होतात, एका वर्गाला तेवढ्या पुरतात. चायना ग्रासवरही काम होतं, पण प्रत्येक पाकिटाचा घट्टपणा वेगळा असतो आणि काही पाकिटांत साखर, स्वाद घातलेले असतात. पावडर परवडत असेल तर तीच घ्या. प्लेटा निर्जंतुक करून पाकीटबंद मिळतात त्या आणा. काचेच्या प्लेटा भट्टीत १६० अंशांना दोन तास ठेवण्याची सोय शाळेत नसते.

आता कुकर. कुकर चालतो, आणि चांगला चालतो. प्रयोगशाळेतला ऑटोक्लेव्ह १५ पौंड दाबाला १२१ अंशांची वाफ देतो, आणि त्या वाफेत १५ ते २० मिनिटं ठेवलं की बीजाणूसुद्धा (काही जिवाणूंची टणक, सुप्त अवस्था) मरतात. घरगुती कुकरची शिटी साधारण त्याच दाबाला उचलते. नुसत्या उकळीने हे काम होत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. आणि बॅसिलस जातीचे बीजाणू तर शंभर अंशांनाही दाद देत नाहीत. उकळलेली प्लेट दुसऱ्या दिवशी कोरी दिसते आणि तिसऱ्या दिवशी सुरकुतलेल्या पांढऱ्या कॉलन्यांनी भरते, ती या बीजाणूंमुळे.

दोन गोष्टी मात्र स्वयंपाकापेक्षा वेगळ्या करायच्या. झाकण लावलं की लगेच शिटी ठेवू नका. वाफ सरळ, जोरात आणि सतत यायला लागली की आणखी दोन-तीन मिनिटं थांबा, मग शिटी ठेवा. आत हवा अडकून राहिली तर दाब दिसतो पुरेसा, पण तापमान तेवढं चढत नाही. दुसरं, शिट्या मोजायच्या नाहीत, मिनिटं मोजायची. पहिली शिटी झाली की आच बारीक करा आणि घड्याळ लावून वीस मिनिटं ठेवा. पावडर पाण्यात कालवून केलेला मीडिया बाटलीत घ्या, बाटली अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, तिच्या तोंडाला कापसाचा बोळा आणि त्यावर कागद बांधा, आणि ती जाळीवर ठेवा. आच बंद केल्यावर शिटी उचलून वाफ सोडायचा मोह आवरा. दाब एकदम उतरला की बाटलीतला मीडिया उसळून बोळ्यापर्यंत येतो, आणि ओला झालेला बोळा निर्जंतुक राहत नाही. कुकर आपोआप गार होऊ द्या.

पण तो कुकर पोषण आहाराचा नको. शाळेसाठी वेगळा पाच लिटरचा घ्या. का ते शेवटी सांगते.

प्लेट ओतताना मीडिया हाताला सोसेल इतपत गरम असावा, साधारण पन्नास अंश. फार गरम ओतला की झाकणाला पाणी धरतं, आणि ते थेंब पडून कॉलन्या एकमेकींत वाहतात. याच कारणाने प्लेटा नेहमी पालथ्या ठेवतात. ओतून झाल्यावर दोन प्लेटा बाजूला काढा. एकीला अजिबात उघडू नका, दुसरी वर्गात अर्धा तास उघडी ठेवून मग बंद करा. पहिली कोरी राहिली तरच तुमच्या बाकीच्या प्लेटांवर विश्वास ठेवता येतो. दुसरी तुम्हाला तुमच्या वर्गाची हवा दाखवते. पावसाळ्यात ही दुसरी प्लेट बुरशीने अशी भरते की मुलं गप्प होतात. म्हणूनच हा प्रयोग दिवाळीनंतर करा, जुलै-ऑगस्टमध्ये नको. गेल्या वर्षी तुमच्याकडे बुरशी कुठून आली, हे मला इथून सांगता येणार नाही. पण ही उघडी प्लेट तुम्हाला सांगेल.

यानंतर लूप, म्हणजे जिवाणू उचलायची टोकाला कडी असलेली तार, धरण्याचा भाग येतो, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते सगळं काम इथेच ठरतं. टेबल साबणाने धुवून ७० टक्के अल्कोहोलने पुसा. ७० टक्केच, कारण थोडं पाणी असल्याशिवाय अल्कोहोल प्रथिनं नीट गोठवू शकत नाही. अल्कोहोल पूर्ण सुकल्यावरच दिवा पेटवा. पंखा बंद, खिडकी ओढून घ्या. स्पिरिटच्या दिव्याभोवती गरम हवा वर चढत राहते, त्यामुळे धूळ खाली पडत नाही. ज्योतीच्या त्या वीतभर परिसरातच काम करायचं. लूपची तार उभी धरून लालभडक होईपर्यंत तापवा. मग ती प्लेटच्या कडेला, कोऱ्या अगारला टेकवून गार करा. चर्र आवाज आला तर अजून गरम आहे, जरा थांबा. गरम लूपने जिवाणू उचलले तर ते मरतात आणि थेंब उडतात. ज्याचा थेंब उडतो त्याचे जिवाणू हवेत जातात, हे मुलांना आवर्जून दाखवा.

जिवाणू ठेवलेल्या नळीचं बूच उजव्या हाताच्या करंगळीने आणि तळहाताने धरून काढायचं, टेबलावर ठेवायचं नाही. नळीचं तोंड ज्योतीवरून फिरवून घ्या. प्लेटचं झाकण पूर्ण काढू नका, शिंपल्यासारखं एका बाजूने, लूप आत जाईल एवढंच उचला. हे सगळं आधी कोरी लूप आणि कोरी प्लेट घेऊन मुलांकडून दहा वेळा करून घ्या. माझ्याकडे पहिल्या आठवड्यात मुलांच्या हातात जिवाणू देतच नाही. मुली ओढणी बांधून, केस मागे घेऊन बसतात. शाळेत खरा धोका जिवाणूंपेक्षा आगीचा असतो. मी पाहिलेल्या अपघातांत भाजणं आणि काच लागणं हेच सगळ्यात जास्त. सॅनिटायझर लावलेले ओले हात दिव्याजवळ नेणं तर अगदी साधी वाटणारी, पण भयंकर चूक आहे. हात धुवायला साबण आणि पाणीच ठेवा.

आता रेघा ओढायच्या. यालाच आपण स्ट्रीकिंग म्हणतो. प्लेटच्या एका कोपऱ्यात थोडासा नमुना जवळजवळ रेघांनी पसरा. लूप तापवा, गार करा. पहिल्या भागाला दोनदाच स्पर्श करून दुसऱ्या भागात रेघा ओढा. पुन्हा तापवा, गार करा, तिसरा भाग. पुन्हा तसंच, चौथा. दर वेळी जिवाणूंची संख्या घटत जाते, आणि शेवटच्या भागात ते एकेकटे पडतात. एकट्या पडलेल्या एका पेशीपासून जो ठिपका उगवतो ती कॉलनी. दोन-तीन मिलिमीटरच्या कॉलनीत कोट्यवधी पेशी असतात, पण घराणं एकच. मुलं मधे लूप तापवायला विसरतात, आणि मग चौथा भागही पहिल्यासारखाच दाट भरतो. प्लेट बघून कुठे तापवायला विसरलं ते सांगता येतं. लूप कागद फाडल्यासारखी दाबू नका, दह्यावरची साय न मोडता त्यावरून चमचा फिरवावा तशी हलकी फिरवा.

एकदा सुटी कॉलनी मिळाली म्हणजे झालं, असं नाही. ती उचलून दुसऱ्या प्लेटवर पुन्हा रेघा ओढा, आणि तिथलीही सगळी वाढ एकसारखी आली तरच तिला शुद्ध म्हणा. ही दुसरी फेरी मी का धरून बसते, ते सांगते. दूध तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत मी नवी होते तेव्हा एका नमुन्यातून मॅककॉन्की अगार या खास मीडियावर गुलाबी कॉलन्या आल्या. घाई होती. वरवर सुटी दिसणारी एक कॉलनी उचलून मी सरळ चाचण्या लावल्या : जिवाणू इंडोल हे रसायन बनवतो का, आणि सायट्रेटवर वाढतो का. इंडोल आलं, रसायन टाकताच वर लालचुटुक कडं दिसलं. सायट्रेटची हिरवी नळीही निळी झाली. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूला इंडोल येतं पण सायट्रेट येत नाही. क्लेबसिएला या जिवाणूच्या नेहमीच्या जातीत सायट्रेट येतं पण इंडोल येत नाही. दोन्ही आल्यामुळे मी तक्त्यात शोधून सिट्रोबॅक्टरची एक जात लिहून मोकळी झाले, आणि अहवालाचा मसुदाही तयार केला. वरिष्ठ मॅडमनी फक्त एवढंच विचारलं, “दुसऱ्यांदा स्ट्रीक केलंस का?” केलं नव्हतं. केलं तेव्हा दुसऱ्या दिवशी प्लेटवर दोन प्रकार दिसले : एक सपाट, कोरडी गुलाबी कॉलनी, आणि एक चिकट, फुगलेली, लूपला तारेसारखी ओढली जाणारी. एकीने इंडोल दिलं होतं, दुसरीने सायट्रेट. माझ्या अहवालातला जिवाणू त्या दुधात नव्हताच. दोन जिवाणूंच्या बेरजेतून मी तिसराच जन्माला घातला होता. चाचण्या सगळ्या बरोबर होत्या, रसायनं ताजी होती, मी मात्र दोघांना एक समजून प्रश्न विचारत होते.

म्हणून रंगाचं सांगते. जिवाणूंच्या बहुतेक कॉलन्या पांढरट, दुधी किंवा फिकट पिवळ्या असतात, आणि त्या रंगात निरुपद्रवी जिवाणूही असतो आणि घातकही. लिंबासारखा पिवळा ठिपका मायक्रोकॉकस असू शकतो, पण तेवढ्यावरून ‘आहे’ म्हणता येत नाही. लाल कॉलनी सेरेशिया असू शकते किंवा यीस्टही असू शकतं. सेरेशियाला एकेकाळी निरुपद्रवी समजून प्रयोगात सर्रास वापरायचे, आज तो रुग्णालयातल्या संसर्गाचं एक कारण म्हणून ओळखला जातो. तेव्हा मुलांना नाव लिहायला लावू नका, वर्णन लिहायला लावा : आकार, कड सरळ की दातेरी, पृष्ठभाग चकचकीत की कोरडा, फुगीर की सपाट, प्रकाश आरपार जातो का. हे वर्णन झाकण न उघडता होतं.

ओळखीची पुढची पायरी म्हणजे ग्रॅम रंगक्रिया. हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये ती मांडली, आणि आजही पहिलं विभाजन तिनेच होतं. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात अगदी थोडी वाढ पसरा. सुकल्यावर खाली वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता यावीत इतका पातळ थर हवा. ज्योतीवरून दोन-तीनदा झटकन फिरवा, पट्टी हाताला चटका देईल इतकी तापवू नका. मग क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, धुवा. आयोडीन एक मिनिट, धुवा. अल्कोहोल, आणि इथेच सगळे चुकतात. पट्टी तिरपी धरून थेंब थेंब सोडा, खाली गळणारं अल्कोहोल रंगहीन झालं की त्याच क्षणी पाणी ओता. दहा-पंधरा सेकंदांचं काम आहे. शेवटी सॅफ्रॅनिन अर्धा ते एक मिनिट. जांभळे राहिले ते ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी झाले ते ग्रॅम निगेटिव्ह. अल्कोहोल जास्त वेळ राहिलं, किंवा कॉलनी दोन-तीन दिवसांची जुनी असली, तर जांभळेही गुलाबी दिसतात. त्यामुळे वाढ १८ ते २४ तासांचीच घ्या, आणि त्याच पट्टीवर दोन्ही टोकांना ओळखीचे दोन जिवाणू ठेवा, एक जांभळा होणारा आणि एक गुलाबी. ते बरोबर आले तर मधला खरा. शंका राहिली तर तीन टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात कॉलनी अर्धा-एक मिनिट घोटून लूप वर उचला. पाकासारखी तार सुटली तर ग्रॅम निगेटिव्ह. हे द्रावण दाहक आहे, ते तुम्ही स्वतःच हाताळा.

कॅटलेज चाचणी मुलांना फार आवडते : हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात कॉलनी घातली की फेस येतो. औषधाच्या दुकानात बहुधा सहा टक्क्यांची बाटली मिळते, ती तितक्याच पाण्याने पातळ करून तीन टक्के करा. कॉलनी दातकोरणीच्या लाकडी काडीने उचला, कारण तारेच्या लूपमुळे कधीकधी जिवाणू नसतानाही बुडबुडे येतात. ऑक्सिडेज, इंडोल, सायट्रेट वगैरे पुढच्या चाचण्या शाळेत करूच नका. त्यांना कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवाणू, उघडून पुन्हा पुन्हा हाताळावं लागतं, आणि खात्रीचं नाव हवं असेल तर शेवटी जनुकीय तपासणीपर्यंत जावं लागतं.

मग वाढवायचं काय? जीभ, घसा, नाक, मुरूम, संडास, गटार, कच्चं मांस यांपैकी काहीही नको. तिथे एखादा रोगकारक जिवाणू असेलच असं नाही, पण असलाच तर पेशींची संख्या शंभरावरून कोट्यवधींवर न्यायचं काम आपण केलेलं असतं. याच कारणाने मुलांच्या प्लेटा इनक्युबेटरमध्ये, म्हणजे ठरावीक ऊब राखणाऱ्या पेटीत, ३७ अंशांना ठेवायच्या नाहीत. ते आपल्या शरीराचं तापमान आहे, आपल्याला त्रास देणाऱ्यांना ते आवडतं. २५ अंशांच्या आसपास, सावलीत दोन-तीन दिवस ठेवा. उन्हाळ्यात आपली खोलीच इनक्युबेटर होते, हाही दिवाळीनंतर प्रयोग करण्याचा एक फायदा. मोबाइलचा हट्ट असेल तर त्याऐवजी प्लेटवर बोटाचा एक ठसा धुण्याआधी आणि एक साबणाने धुतल्यावर, एवढं घ्या. लगेच झाकण लावून चिकटपट्टीचे चार तुकडे चार बाजूंना लावा. पूर्ण गोल पट्टी नको, आत हवा जायला हवी, नाहीतर बिनहवेचे जिवाणू वाढू शकतात. ती प्लेट त्यानंतर कुणीही उघडायची नाही, तुम्हीसुद्धा नाही.

पंचगंगेबद्दल मुलांना वाटणारी काळजी खरी आहे आणि ती मोडू नये. पण नदीचं पाणी प्लेटवर वाढवून तिच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही, स्वच्छ विहिरीच्या पाण्यातही जिवाणू वाढतात. प्रश्न असा विचारायचा असतो की विष्ठेतून येणारे जिवाणू त्यात आहेत का. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय सापडताच कामा नये असं म्हटलं आहे. शाळेसाठी यावर, अशा जिवाणूंनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड ओळखणारी छोटी बाटली हा चांगला मार्ग आहे. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संशोधकांनी ही पद्धत मांडली, आणि आज गावोगावच्या पाणी तपासणी संचात ती असते. पाणी भरायचं, झाकण लावायचं, एक-दोन दिवस ठेवायचं. काळं झालं तर विष्ठेच्या प्रदूषणाची दाट शंका. शाळेच्या टाकीचं, हातपंपाचं आणि नदीचं पाणी शेजारी शेजारी ठेवलंत तर मुलांना प्लेटपेक्षा जास्त कळेल. बाटली उघडायची नाही, आणि खात्री करायची असेल तर नमुना पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत पाठवायचा.

प्लेटवर रेघा ओढायला, ग्रॅम रंगक्रियेला आणि कॅटलेजला ओळखीचं कल्चर आणा. शिवाजी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आहे, शहरातल्या महाविद्यालयांतही आहे. शाळेचं पत्र घेऊन गेलात आणि शिकवण्यासाठी बॅसिलस सबटिलिस, मायक्रोकॉकस ल्युटियस किंवा ई. कोलायचा के-१२ हा निरुपद्रवी प्रकार मागितलात तर बहुतेक जण मदत करतात. त्यांच्याकडे ही कल्चर चंदीगडच्या किंवा पुण्याच्या राष्ट्रीय संग्रहातून आलेली असतात, म्हणजे नाव आधीच खात्रीचं असतं. पिवळा मायक्रोकॉकस आणि पांढरा बॅसिलस एकत्र मिसळून मुलांना द्या आणि म्हणा, हे दोघे वेगळे करून दाखवा. ज्याच्या प्लेटच्या चौथ्या भागात पिवळे आणि पांढरे ठिपके सुटे दिसतील त्याला स्ट्रीकिंग आलं.

आपल्या भागाला शोभेल असं आणखी एक. उसाला वापरतात ते ॲझोटोबॅक्टरचं जिवाणू खत तुमच्या मुलांच्या घरीच असेल. नत्र नसलेल्या ॲशबीच्या मीडियावर ते पसरलं की तीन-चार दिवसांत पारदर्शक, चिकट कॉलन्या येतात, आणि त्या जुन्या होतील तशा तपकिरी पडू शकतात. मीडियात नत्र नाही, तरी हे वाढले म्हणजे त्यांनी ते हवेतून घेतलं, हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. दह्याचं मात्र प्लेटवर वाढवायला जाऊ नका. दह्यातले जिवाणू खाण्याच्या बाबतीत चोखंदळ, साध्या न्यूट्रिएंट अगारवर ते नीट येत नाहीत. तिथे जे उगवतं ते बहुधा यीस्ट असतं, आणि ‘दह्यातले जिवाणू’ असं लेबल लावून ते प्रदर्शनात मांडलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. त्याऐवजी दह्याचा थेंब पाण्यात पातळ करून काचपट्टीवर मेथिलीन ब्लूने एक मिनिट रंगवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. काड्या आणि मण्यांच्या माळा, दोन्ही स्पष्ट दिसतात.

किती करायचं हे तुमच्याकडे मुलं किती, मदतीला माणूस आहे का आणि सूक्ष्मदर्शक कसा आहे यावर ठरेल. एका दिव्याभोवती चारपेक्षा जास्त मुलं नकोत. एकटेच असाल तर लूपचं काम तुम्ही करा, मुलांनी बघावं आणि नोंदी ठेवाव्यात. कुणाच्या हाताला उघडी जखम असेल, किंवा एखादं मूल प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या औषधांवर असेल, तर त्याला नोंदवहीचं काम द्या. खोलीत खाणं-पिणं नाही, पेन तोंडात नाही, पिपेट तोंडाने ओढायची नाही. प्लेटच्या तळाला, झाकणाला नव्हे, नाव, तारीख आणि नमुना लिहा. झाकणं बदलतात. कल्चर सांडलं तर घाबरून पुसायला जाऊ नका. वर कागद टाका, कडेकडून आत ब्लीचचं पाणी ओता, अर्धा तास थांबा, मग चिमट्याने उचला. बाजारातलं ब्लीच एकास नऊ पाणी घालून रोज ताजं करा, आणि संडास साफ करायच्या ॲसिडजवळ ते ठेवूच नका, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

आता कुकर वेगळा का, ते. प्रयोग संपला की प्रत्येक प्लेट, प्रत्येक नळी, पाण्याची प्रत्येक काळी बाटली फेकण्याआधी मारावी लागते. प्लास्टिकच्या प्लेटा बंदच ठेवून जाड, उष्णता सोसणाऱ्या पिशवीत घाला, पिशवीचं तोंड सैल ठेवा म्हणजे वाफ आत शिरेल, आणि त्याच कुकरमध्ये अर्धा तास पूर्ण दाबाला ठेवा. प्लेटा वितळून गोळा होतो, तो कचऱ्यात गेला तरी चालतो. पाण्याच्या बाटल्यांत ब्लीच ओतून तासभर ठेवा, मग पाणी मोरीत. ज्या भांड्यात हे सगळं शिजतं त्यात पुन्हा मुलांची खिचडी शिजायला नको, कितीही घासलं तरी. नवा कुकर आणलात की झाकणाला आणि भांड्याला लाल रंगाचा पट्टा मारा, आणि प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवा. सुट्टीत कुणीतरी तो उसना मागायला येईल, तेव्हा कुलपाची किल्ली तुमच्याकडेच असू द्या.